जाळी नागपूरची, सहा महिने आसगावचे

मेंदूच्या धमनीवर आलेला फुगवटा बंद करण्यासाठी धातूच्या तारांनी विणलेली एक बारीक नळी वापरतात. डॉक्टर तिला फ्लो डायव्हर्टर म्हणतात. वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक नुसतं जाळी म्हणतात. या जाळीची एक गोष्ट नातेवाइकांच्या गळी उतरवणं अवघड जातं. जाळी बसली, सगळं ठीक झालं, डॉक्टर हसत बाहेर आले, तरी त्या दिवशी फुगवटा बंद झालेला नसतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते तेव्हाही नसतो. तो बंद व्हायला महिने लागतात आणि ते महिने रुग्ण आपल्या घरी काढतो.

पैसा, यंत्रं, कौशल्य हे सगळं जाळी बसवण्याच्या दोन-तीन तासांत ओतलं जातं. परिषदांमधली भाषणं आणि वर्तमानपत्रातल्या 'यशस्वी शस्त्रक्रिया' छापाच्या बातम्या त्याच तासांबद्दल असतात. मला नंतरच्या सहा महिन्यांबद्दल लिहायचं आहे, आणि ते सहा महिने भंडारा जिल्ह्यातल्या आसगावात ठेवून बघायचे आहेत.

आसगाव पवनी तालुक्यात. कागदोपत्री बऱ्याचदा पुढे कंसात 'चौ.' लिहितात, म्हणजे चौरास. पवनी-लाखांदूरकडचा हा सपाट, काळ्या मातीचा आणि पाण्याचा पट्टा. मुख्य पीक धान. वैनगंगा जवळ, आणि गोसीखुर्दचं धरण याच तालुक्यात. त्याचं भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झालं आणि कालव्यांची वाट बघण्यात इथली एक पिढी म्हातारी झाली. आसगावातल्या कुणा एका रुग्णाची हकिकत मी सांगत नाही. गाव खरं, रस्ता खरा, औषधं आणि आकडे खरे. रुग्ण धरून चाललेला आहे. पन्नाशीची एक बाई समजा. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो.

मेंदूच्या तळाशी धमन्या जिथे फाटे फोडतात तिथे रक्ताचा मारा सतत एकाच जागी बसतो. मेंदूतल्या धमन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा पातळ. बाहेरचा लवचीक थर त्यांना नसतो. मारा बसत राहतो, भिंत आतून झिजते आणि बाहेर फुगते. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर प्रौढ माणसांत शंभरातल्या तिघांना असा फुगवटा असतो असं दिसतं. हा आकडा वाचून लगेच एमआरआय काढायला धावू नये. त्यातले बहुतेक फुगवटे लहान असतात, जन्मभर गप्प राहतात आणि माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो. सात मिलिमीटरच्या आतले, मेंदूच्या पुढच्या बाजूचे फुगवटे फुटण्याचा धोका फार कमी असतो. अशांच्या बाबतीत रक्तदाब आटोक्यात ठेवणं, विडी-सिगारेट सोडणं आणि ठराविक काळाने पुन्हा तपासणं हाच पुष्कळदा सगळ्यात शहाणा उपचार ठरतो. एकाच घरातल्या दोन सख्ख्या माणसांना हा आजार झाला असेल, तर बाकीच्यांनी तपासून घेण्यात अर्थ आहे.

विडीचं नाव सहज घेतलेलं नाही. भंडारा-गोंदियाच्या जंगलांतला तेंदूपत्ता आणि विडी वळणारे हात यांच्यावर इथली हजारो घरं पिढ्यान् पिढ्या चालली. धूम्रपान आणि उच्च रक्तदाब ही फुगवटा वाढण्याची आणि फुटण्याची दोन मोठी, सिद्ध झालेली कारणं आहेत. खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दल, तितका ठाम पुरावा माझ्यासमोर नाही, पण तंबाखूचा रस रक्तदाबाला काय करतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. विदर्भाच्या या भागाची आणखी एक वेगळी गोष्ट म्हणजे सिकलसेल. हा आजार असलेल्यांत मेंदूच्या धमन्यांवरचे फुगवटे जास्त आढळतात, आणि एकाच रुग्णात एकाहून अधिक आढळतात. सिकलसेलच्या रुग्णाने अचानक भयंकर डोकं दुखतंय म्हटलं तर ते नेहमीच्या दुखण्यात ढकलू नये.

फुगवटा फुटतो तेव्हाचं डोकं दुखणं वेगळं असतं. झाडीपट्टीत 'डोस्कं दुखते' हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं: उन्हाने, उपासाने, चष्म्याने, सासूने. पण क्षणात, वीज पडावी तसं, आयुष्यात कधी झालं नाही इतकं दुखलं, सोबत उलटी झाली, मान आखडली, शुद्ध हरपली, तर ते पित्त नाही. कधी कधी फुटण्याआधी फुगवटा डोळा हलवणाऱ्या शिरेवर, म्हणजे मज्जातंतूवर, दाब देतो. एक पापणी खाली येते, एकाचे दोन दिसू लागतात. लोक डोळ्यांच्या शिबिराची वाट बघतात. तेवढा वेळ नसतो. फुटलेला फुगवटा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सगळ्यात जास्त असतो, आणि दहा-पंधरा टक्के रुग्ण तर दवाखान्याचं दार गाठण्याआधीच दगावतात.

फुटलेल्या फुगवट्यावर जाळी हा पहिला उपाय नाही. तिथे त्याच दिवशी, त्याच तासाला भोक बुजवावं लागतं. जाळी ते करू शकत नाही. शिवाय जाळीसाठी लागणारी रक्त पातळ ठेवणारी औषधं रक्तस्राव चालू असताना देणं म्हणजे आगीत तेल. जाळी मुख्यतः न फुटलेल्या, रुंद तोंडाच्या, मोठ्या, वेड्यावाकड्या फुगवट्यांसाठी आहे. आपल्या आसगावच्या बाईचा फुगवटा फुटलेला नाही. पापणी खाली आली आणि ती वेळेवर नागपूरला पोचली, असं धरू.

आता थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्याशिवाय जाळीतली कल्पना किती उलटी आहे हे कळत नाही. १९३१ साली एडिंबरोत नॉर्मन डॉट या शल्यविशारदाने फुटलेल्या फुगवट्याला रुग्णाच्याच मांडीतला स्नायू बाहेरून गुंडाळला. १९३७ साली बाल्टिमोरला वॉल्टर डँडीने फुगवट्याच्या मानेवर चांदीची चिमटी बसवली. दोघांचा मार्ग एकच: कवटी उघडा, बाहेरून जा, फुगवट्याला आवरा. सूक्ष्मदर्शकाखाली हीच शस्त्रक्रिया नंतर फार नेमकी झाली आणि आजही अनेक फुगवट्यांसाठी तीच उत्तम आहे. दुसरी वाट रक्तवाहिनीच्या आतून. मॉस्कोच्या फ्योदोर सर्बिनेंकोला ती मे दिनाच्या मिरवणुकीत फुगे धरलेली मुलं बघून सुचली, असं तो स्वतः सांगत असे. धमनीतून नेऊन सोडता येतील असे इवले फुगे त्याने बनवले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात गुइदो गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरने प्लॅटिनमची मऊ तार फुगवट्यात गुंडाळी करून सोडली आणि सौम्य विजेने ती मागच्या तारेपासून सोडवली. ही कॉइल. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये २१४३ रुग्णांची मोठी तुलना आली. फुटलेल्या फुगवट्यांत एक वर्षानंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण चिमटीच्या गटात ३०.६ टक्के, कॉइलच्या गटात २३.७ टक्के. त्यानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आतून इलाज करणारी शाखा जोमाने वाढली. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. उदय लिमये यांनी ती रुजवली आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर पुढे ठिकठिकाणी गेले.

पण कॉइलला मोठ्या फुगवट्यांनी दाद दिली नाही. तोंड रुंद असेल तर तार बाहेर घरंगळते. आत टिकली तरी रक्ताच्या माऱ्याने काही महिन्यांत दाबून एका कोपऱ्यात जाते आणि फुगवटा पुन्हा उघडतो. शिवाय ज्या फुगवट्याचा दाब डोळ्याच्या शिरेवर आहे, तो धातूने ठासून भरल्यावर दाब लगेच कसा कमी व्हावा?

जाळीवाल्यांनी फुगवट्याचा नादच सोडला. त्यांनी विचारलं, आजारी कोण आहे? फुगवटा की धमनी? धमनीचा एक तुकडा आतून खराब झाला म्हणून फुगवटा आला. मग फुगवट्यात शिरायचंच नाही. धमनीच्या त्या तुकड्याला आतून नवं अस्तर द्यायचं, बाकीचं रक्तावर सोपवायचं.

हे कसं घडतं ते समजायला वैनगंगेकाठच्या माणसाला पुस्तक लागत नाही. नदीच्या वळणावर काठ खचून डोह झालेला असतो. मुख्य धार त्यात शिरते, गरगर फिरते आणि काठ आणखी खाते. डोह भरून काढायचा तर त्यात दगड टाकता येतील, ती कॉइल. पण डोहाच्या तोंडाशी, नदीच्या अंगाने, बांबूची दाट ताटी लावली तर? पाणी पूर्ण अडत नाही. फटींतून आत जातच राहतं. फक्त जोर जातो. धार सरळ वाहू लागते, आतलं पाणी संथ होतं, गाळ बसू लागतो. एका पावसाळ्यात होत नाही, पण होतं, आणि मग गाळावर गवत येतं नि जुना काठ पुन्हा उभा राहतो. फुगवट्यात गाळाऐवजी रक्ताची गुठळी बसते, आणि जाळीच्या तारांवरून धमनीच्या आतल्या पेशींचं अस्तर सरकत जाऊन तोंड कायमचं बंद होतं. आतली गुठळी पुढे आक्रसते, म्हणून शिरेवरचा दाब हळूहळू उतरतो.

मग शंका येते: त्याच धमनीतून निघणाऱ्या बारीक फांद्यांच्या तोंडावरही जाळी येणारच. त्या का बंद होत नाहीत? पुन्हा नदीकडे बघा. ताटीमागे डोहाऐवजी कालव्याचं तोंड असेल तर कालवा कोरडा पडत नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाला शेतं आहेत, पाणी पुढे जायला जागा आहे, ओढ आहे. डोहाला दुसरं टोकच नाही. मेंदूतल्या फांदीला पुढे पेशींची तहान असते, म्हणून तारांच्या फटींतून रक्त ओढलं जातं. अगदी बारीक फांद्या दाटीने निघतात त्या जागी मात्र डॉक्टर जपून असतात, कारण तिथे हा हिशेब दर वेळी जुळतोच असं नाही.

सगळी करामत विणीच्या दाटपणात आहे. हृदयातला स्टेंट धमनी उघडी धरण्यासाठी असतो, म्हणून त्याची भोकं मोठी चालतात. इथे वीण विरळ तर रक्त बेगुमान आत शिरतं, फार दाट तर फांद्या गुदमरतात. पहिली गाजलेली जाळी पाइपलाइन या नावाची. तिच्यात कोबाल्ट-क्रोमियमच्या आणि प्लॅटिनम-टंगस्टनच्या मिळून ४८ तारा, प्रत्येक तार एका मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढी जाड, आणि विणल्यावर पृष्ठभागाचा जेमतेम तिसरा हिस्सा धातूने झाकलेला. उरलेली जागा मोकळीच. ब्युनॉस आयर्समध्ये पेद्रो लिलिक यांच्या चमूने ५३ रुग्णांतल्या ६३ फुगवट्यांचा अनुभव २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला कालक्रम बघण्यासारखा आहे: तीन महिन्यांनी पूर्ण बंद झालेले ५६ टक्के, सहा महिन्यांनी ९३, वर्षाने ९५. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली ती १०८ रुग्णांच्या एका चाचणीवर. त्यातले फुगवटे सरासरी १८ मिलिमीटरचे, म्हणजे जुन्या उपायांनी हात टेकलेले. सहा महिन्यांनी ७३.६ टक्के बंद, वर्षाने ८६.८, तीन वर्षांनी ९३.४, पाच वर्षांनी ९५.२. कॉइल केलेला फुगवटा काळाबरोबर उघडण्याची भीती असते. इथे काळ रुग्णाच्या बाजूने काम करतो.

त्याच चाचणीत शंभरात पाच-सहा रुग्णांना मोठा पक्षाघात झाला किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू आला, हेही त्याच दमात सांगायला हवं. पुढे ७९३ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास झाला त्यात मेंदूशी संबंधित अपंगत्व आणि मृत्यू मिळून ८.४ टक्के भरले. धमनीत गुठळी होऊन पक्षाघात ४.७ टक्के, मेंदूत रक्तस्राव २.४ टक्के, आणि जाळी बसल्यावरही फुगवटा फुटला असे ०.६ टक्के. मोठ्या फुगवट्यांत धोका जास्त, लहानांत बराच कमी. 'बिनटाक्याचा उपचार' अशी पाटी लावणाऱ्यांनी हे आकडेही पाटीवर लिहावेत, म्हणजे पाटी खरी होईल.

आता रस्ता. आसगावहून पवनी, पवनीहून निलज फाटा, भिवापूर, उमरेड, नागपूर. पवनीपासूनच ऐंशी किलोमीटरच्या आसपास. भिवापूर-उमरेडवरून धावणारी नागपूर-नागभीड छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या रुळांसाठी बंद झाली, तेव्हापासून एसटी किंवा कुणाची तरी गाडी. पवनीला ग्रामीण रुग्णालय आहे. भंडाऱ्याला २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण नळीतून रंगद्रव्य सोडून मेंदूच्या धमन्यांचं चित्र घेणारी डीएसए तपासणी आणि त्यानंतरची जाळी यांसाठी नागपूरच. १९४७ पासूनचं मेडिकल कॉलेज आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, आणि धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं. कुठे कोणता डॉक्टर हे काम करतो याची चौकशी आधी करावी. एवढ्या मोठ्या इमारतीत ते होतच असणार, हे गृहीत धरू नये.

प्रत्यक्ष काम ऐकायला साधं वाटतं. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून एकात एक घातलेल्या तीन नळ्या मानेतून वर मेंदूपर्यंत नेतात. सगळ्यात आतल्या, केसासारख्या नळीतून दाबून बसवलेली जाळी पुढे सरकवतात आणि फुगवट्याच्या तोंडासमोर उलगडतात. उलगडताना ती लांबीला कमी होते, म्हणून डॉक्टर एका हाताने ढकलतो, दुसऱ्याने नळी मागे घेतो, आणि नजर पडद्यावर. जाळी भिंतीला सगळीकडून चिकटली पाहिजे. कुठे फट राहिली तर तिथे गुठळी धरते. शेवटी रंगद्रव्य सोडून बघतात. फुगवट्यात गेलेला रंग लगेच धुऊन निघत नाही, खाली साचून राहतो, तेव्हा काम झालं असं मानतात. एकदा जाळी बसली की तिच्यातून फुगवट्यात परत शिरायची वाट नाही. पुढे तो बंद झाला नाही तर बहुधा जाळीतच दुसरी जाळी बसवावी लागते. म्हणून काही डॉक्टर मोठ्या फुगवट्यात जाळीसोबत थोड्या कॉइलही सोडून ठेवतात.

इथे बातमी संपते. बाई गावी येते. रोवणीच्या दिवसांत, जुलैत, हे झालं असं समजा.

जाळी म्हणजे रक्तात ठेवलेला उघडा धातू. त्याच्यावर अस्तर चढेपर्यंत रक्त त्याला परकं मानतं आणि गोठू बघतं. फुगवट्याच्या आत गोठायला हवं आणि नळीच्या आत गोठायला नको, अशा दोन उलट मागण्या एकाच रक्ताकडे केलेल्या असतात. त्यासाठी दोन गोळ्या: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. जाळीच्या आधी काही दिवस सुरू होतात. क्लोपिडोग्रेल साधारण तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. ॲस्पिरिन पुढे कित्येक वर्षं, बहुधा कायम. एक गोम अशी की क्लोपिडोग्रेल गिळल्यावर यकृतात बदलून मगच काम करतं, आणि तो बदल घडवणारा जनुक काही लोकांत मंद असतो. दक्षिण आशियाई लोकांत हे प्रमाण बरंच आहे. म्हणून चांगले डॉक्टर आधी रक्त तपासून गोळी लागू पडते का ते बघतात आणि नसेल तर टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल देतात. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावी लागते. सकाळी सहाला बांधीत उतरणाऱ्या बाईला संध्याकाळची गोळी आठवणीने कोण देणार, हा प्रश्न प्रिस्क्रिप्शन लिहितानाच विचारायला हवा.

आता चौरासचं पंचांग बघा. जुलै-ऑगस्टात रोवणी, दिवसभर कंबरेत वाकून चिखलात. पायाला काच लागते, रक्त थांबत नाही, बाई घाबरते आणि गोळ्या बंद करते. सप्टेंबरात डासांचे दिवस, ताप येतो, प्लेटलेट कमी झाल्याचा रिपोर्ट येतो. डेंग्यूत या गोळ्यांचं काय करायचं, हा निर्णय नागपूरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचा नसतो. त्याचा फोन नंबर घरात भिंतीवर लिहिलेला नसेल तर कुणीतरी धीराने 'दोन-चार दिवस बंद ठेवा' सांगून मोकळा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात विळा हातात. कापणीनंतर अंग ठणकतं, मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी येते. दोन रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर ही तिसरी पडली की पोटात रक्तस्राव. पोट जळतं म्हणून पित्ताची कॅप्सूल येते. त्यात ओमेप्रॅझोल असेल तर ते यकृतातला तोच रस्ता अडवतं ज्यावरून क्लोपिडोग्रेलला जायचं असतं. पँटोप्रॅझोलने तो अडथळा बराच कमी होतो. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दिवाळी झाली की गावोगाव मंडई. पाहुणे, रात्रभर दंडार किंवा नाटक, जेवणाचा पत्ता नाही, गोळीचा त्याहून नाही. मग कधीतरी दाढ ठणकते आणि दाढ काढणारा म्हणतो, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या पाच दिवस थांबवा, मग या.

या सगळ्यात बाईला स्वतःला बरं वाटत असतं. पापणी वर आली, दोनाचं एक दिसू लागलं. गोळ्या सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. गोळ्या अचानक सुटल्या की जाळीत गुठळी धरते आणि मेंदूच्या अर्ध्या भागाचा रक्तपुरवठा एका क्षणात जातो. लाखोंची जाळी अपयशी ठरते ती महिन्याला काही शे रुपयांच्या गोळ्यांपायी.

मला राग येतो तो इथे. सहा महिने नेमाने गोळ्या घेण्याचं शास्त्र आपल्या गावांना नवं नाही. क्षयरोगाचे औषधोपचार सहा महिन्यांचेच, आणि त्यासाठी आशाताईंपासून तालुक्यापर्यंत साखळी उभी आहे. कुणी गोळी चुकवली तर कुणीतरी दारात येतं. मेंदूत जाळी घेऊन गावात परतलेल्या माणसाची मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राला बहुधा खबरच नसते. सुट्टीचं कार्ड इंग्रजीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात. ते कार्ड मराठीत असावं, 'या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नयेत' हे त्यावर ठळक असावं, आणि त्याची एक प्रत आशाताईंकडे जावी. याला नवी योजना लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. पण जाळी बसवताना फीत कापता येते, गोळ्या मोजताना येत नाही.

पैशांचा हिशेब वेगळा मांडायला हवा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली: साधा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६००. मेंदूच्या जाळ्या त्या मर्यादेत आलेल्या नाहीत. २०२१ साली त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने दिलेल्या माहितीनुसार परदेशातून येणारी अशी जाळी ७ ते ८ लाखांना पडत होती. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली, २०१३ मध्ये राज्यभर गेलेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. म्हणजे एकटी जाळीच सगळ्या घराच्या वर्षाच्या संरक्षणाहून महाग. डॉक्टर, रुग्णालय, तपासण्या त्यावर आणखी. आयुष्मान भारतच्या यादीत फुगवट्यासाठी कॉइलिंगचं पॅकेज आहे, पहिल्या तीन कॉइल धरून. तीन कॉइलमध्ये भागणारा फुगवटा लहान असतो. ज्याला जाळी लागते तो नसतो. मग उरतात मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्टांचे उंबरे, आणि सातबारा.

म्हणूनच २०२१ मधली एक बातमी फार महत्त्वाची, पण ती आली तशी विरली. श्री चित्रा संस्थेने स्वतः आखलेल्या फ्लो डायव्हर्टर स्टेंटचं तंत्रज्ञान पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस कंपनीला देण्याचा करार केला. जाळी नायटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या अतिलवचीक मिश्रधातूची, आणि तो धातू बनवण्याचं ज्ञान बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचं. विमानांसाठी जमवलेली विद्या मेंदूच्या धमनीत उतरवायचा हा बेत. करार म्हणजे उत्पादन नव्हे, हे या संस्थेइतकं कुणाला ठाऊक नसेल. तिथेच डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची चित्रा झडप घडली. आधीची तीन रूपं फसली, चौथं जमलं, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. नंतर लाखाहून अधिक लोकांना लागली. मेंदूच्या जाळीलाही प्राण्यांवरच्या चाचण्या, माणसांवरच्या चाचण्या, परवाना, आणि शेवटी डॉक्टरांचा विश्वास या पायऱ्या चुकणार नाहीत. विश्वासाची पायरी सगळ्यात उंच. आपल्या हाताला सवय असलेली परदेशी जाळी सोडून नवी हातात घ्यायला डॉक्टर कचरतात आणि त्यात त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही. भीती रुग्णाच्याच मेंदूची असते. पण पुण्यात विणलेली जाळी निम्म्या किमतीत मिळाली तर ५ लाखांच्या संरक्षणात ती बसेल, एवढं गणित पाचवीतलं पोर करेल.

तोवर आसगावच्या बाईचा जानेवारी उजाडतो. धान घरात किंवा केंद्रावर गेलेला, बांधीत लाखोरी. सहा महिन्यांनंतरची डीएसए ठरलेली असते. पुन्हा तीच वाट, पुन्हा मनगटातून किंवा मांडीतून नळी, पुन्हा रंग. फुगवट्यात रंग शिरला नाही तर क्लोपिडोग्रेल थांबवायचं की नाही ते तिथेच ठरतं. ॲस्पिरिन चालूच राहतं. थोडा रंग शिरला तर घाबरायचं कारण नसतं, पुढच्या वर्षाची तारीख मिळते. पुष्कळ कुटुंबं ही तपासणी टाळतात, कारण बाई चालती-बोलती असते आणि तपासणीला पैसे लागतात. सुट्टीच्या दिवशीच त्या खर्चाचं आणि तारखेचं बोलून घ्यावं. तारीख धान विकल्यानंतरची मागावी. आठ-पंधरा दिवस मागेपुढे झालं तर बिघडत नाही. गोळ्या मात्र त्या तारखेच्याही आठ दिवस पुढे पुरतील एवढ्या घरात आणून ठेवाव्यात, कारण नागपूरला पोचल्यावर डॉक्टर सुट्टीवर असल्याचं कळू शकतं.